मुलुंडची मुकी खार

शेवग्याला फुलं आली की आईचं आणि खारीचं भांडण जुंपायचं. मुलुंडला डोंगराच्या अंगाला आमचं कौलारू घर होतं. पुढे पडवी, मागे टीचभर परस, आणि त्या परसात हा एकच उंच, किडकिडा शेवगा. त्याच्या फुलांची भाजी आई फार सुरेख करायची. कांदा अगदी बारीक चिरून, वरून ओल्या खोबऱ्याला हात सैल सोडून. पण फुलं काढायला ती टोपली घेऊन परसात जाईपर्यंत खार फांदीला उताणी लटकून न्याहारीला बसलेली असायची. आई खालून म्हणायची, "खा गं बाई, माझ्या पोरीच्या तोंडचं खा." खार अर्धवट कुरतडलेलं फूल वरून तिच्या डोक्यावर टाकायची. हे रोज चालायचं, आणि दोघींपैकी कुणी हट्ट सोडला आहे असं मी पाहिलं नाही. भाजी मात्र जेवढी व्हायची तेवढी गरम भाकरीबरोबर पहिल्या फटक्यात संपायची. मला वाटतं, खारीने वाटा उचलला म्हणूनच ती एवढी गोड लागत असेल. आता बाजारात त्या फुलांची जुडी मिळते, मी आणते, तशीच करते, आणि ती नुसती भाजी होते.

बाबा पेट्या दुरुस्त करायचे. आमच्याकडे हार्मोनियमला कुणी हार्मोनियम म्हणत नसे. ती पेटी, आणि बाबा पेटीवाले मास्तर. पडवीत त्यांची बैठक होती. समोर एक बुटकं टेबल, त्यावर हातभर लांबीचा छोटा भाता, कानशी, चिमटे, सरसाची वाटी, आणि चपट्या डब्यांमधून मांडून ठेवलेले सूर. पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्यांना ते सूरच म्हणायचे. एक पट्टी भात्यावर बसवायची, वाजवायची, जवळ ठेवलेल्या दुसऱ्या पेटीतल्या सुराशी ताडून पाहायची. पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. दोन सूर जुळत नसले की त्यांच्यात एक हेलकावा ऐकू येतो, व्हॅव् व्हॅव् असा. घासत घासत तो लांबत जातो आणि मग एकदम नाहीसा होतो. तो नाहीसा झाला की बाबा डोळे मिटून क्षणभर थांबायचे. देवासमोरसुद्धा ते असे डोळे मिटत नसत. मी त्या पडवीतच रांगले, तिथेच पाढे पाठ केले. त्यामुळे हेलकावा म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं नाही आणि मला ते येतं आहे हे कुणाच्या, म्हणजे माझ्यासुद्धा, ध्यानात आलं नव्हतं. मुलीला पेटीचं काम शिकवायचं असतं ही कल्पनाच तेव्हा घरात नव्हती. मी फक्त बनातीचे तुकडे गोळा करायची. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांखाली घालायचं लाल लोकरी कापड ते. त्यातले निम्मे तुकडे खार घरट्यासाठी पळवायची आणि ओरडा मात्र मी खायची.

आईची बाबांना बोलवायची एक रीत होती. ती काही तिची एकटीची नव्हे, आजूबाजूच्या सगळ्याच घरांत होती, पण आमच्याकडे तिचा उपयोग जास्त व्हायचा, कारण पडवीत सतत परकी माणसं. गिऱ्हाईक बसलेलं असताना बाईने बाहेर येऊन नवऱ्याला हाक मारायची नसते. म्हणून आई दाराच्या आड उभी राहून बांगड्या वाजवायची. एकदा किणकिण म्हणजे चहा झाला. दोनदा म्हणजे आत या, बोलायचं आहे. जरा जोरात आणि लागोपाठ म्हणजे आता पुरे झाल्या गप्पा, पानं वाढली आहेत. बाबा बोलता बोलता बरोबर उठायचे. पण मी सांगते आहे त्या वर्षी ते उठेनासे झाले. आई वाजवायची, थांबायची, पुन्हा वाजवायची, आणि मग स्वतःच चहाचा कप माझ्या हाती देऊन चुलीपाशी जाऊन बसायची. काही बोलत नसे. फक्त चहा पूर्वीसारखा आलं ठेचून करणं तिने सोडून दिलं. बाबांना वाटलं आलं महागलं असेल.

त्या वर्षी होळीच्या थोडं आधी नाहूरचे बुवा आले. हे भजनीबुवा मालवणकडचे, दिवसा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात कामाला, संध्याकाळी गळ्यात टाळ. त्यांच्या मंडळाची पेटी बाबांनीच महिन्यापूर्वी जुळवून दिली होती. बरोबर मंडळातले दोघं होते. बुवा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "मास्तरांनू, राग मानू नकात. पण ह्या पेटयेचे वरचे सूर चावतत."

"चावतात म्हणजे?"

"म्हणजे कानाक लागतत. जुळल्यासारे वाटनत नाय."

बाबांनी पेटी ओढली, भाता हलवला, वरच्या पट्ट्यांवरून बोटं नेली. मी दाराशी बसून ऐकत होते, आणि मला तो हेलकावा ऐकू आला. पण माझ्या मनात काय आलं असेल? मला वाटलं, एवढा असायचाच. बाबांनी जुळवलंय म्हणजे जुळलेलंच असणार. बाबांचा चेहरा मात्र तांबडा झाला होता. ते म्हणाले, "बुवा, वीस वर्षं हेच करतोय मी. पेटी बरोबर आहे. तुम्ही तुमचा कान दाखवून या कुणाला तरी. रोज त्या मशिनीपुढे उभं राहिल्यावर कान राहायचा कसा?"

बरोबरच्या दोघांपैकी एकजण हसला. बुवा हसले नाहीत. तेवढ्यात दाराआड बांगड्या वाजल्या. आईने बाहेरचा आवाज ओळखला होता, तिला बाबांना आत घ्यायचं होतं. बुवांनी मान वर केली. "मास्तर, काकणां वाजतत. आतसून बोलावतत तुमका."

बाबांना वाटलं बुवा विषय बदलताहेत. ते तसेच तडकून म्हणाले, "वाजू देत."

आईने ते ऐकलं. मी आईकडे पाहत होते, म्हणून मला माहीत. तिने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं, बांगड्या गप्प केल्या आणि आत गेली. बुवांनी पेटी उचलली, "बरा, येतंव," एवढंच म्हणाले, आणि गेले. त्यानंतर घरात बोलणं होतं, पण कामापुरतं.

याच सुमाराला आमच्या शाळेत लेलेबाईंनी निसर्गवही सुरू केली होती. प्रत्येकीने आपल्या घराजवळचा एक प्राणी आणि एक पक्षी निवडायचा, पाळीव चालणार नाही, आणि दोघांची तुलना लिहायची. पुस्तकातलं एक वाक्य दिसलं तर वही परत, असा दम होता. मी खार आणि दयाळ घेतले, कारण दोघंही एकाच शेवग्यावर होते आणि मला घराबाहेर पडायला नको होतं. दयाळ त्या दिवसांत भरात आलेला. काळाभोर, पंखावर पांढरी पट्टी, आणि नुकतंच बक्षीस मिळालेल्या मुलासारखा छाती काढून शेंड्यावर बसलेला. त्याची बायको करड्या रंगाची, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण भिंतीच्या भोकात घरटं तिनेच केलं होतं.

पंधरा दिवस मी पाटावर बसून दोघांवर पाळत ठेवली. दयाळ किडे, नाकतोडे, गांडुळं खातो, जमिनीवर उतरून शेपूट वर झटकतो आणि पुन्हा जागेवर जातो. खार काहीही खाते. फूल, दाणा, आईने वाळत घातलेली सांडगी मिरची सोडून सगळं. दयाळाचं घरटं दुसऱ्याने केलेल्या भोकात, गवत आणि केस घालून केलेलं. खारीचं स्वतःचं, काथ्या, चिंध्या आणि आमच्या बनातीचं. दयाळ नवरा पिल्लांच्या चोचीत अळ्या घालतो. खारीचा नवरा पिल्लं झाल्यावर दिसतसुद्धा नाही. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "दयाळ बरा मग." आणि सुपातला एक खडा जरुरीपेक्षा लांब फेकला.

शेवटचा मुद्दा होता आवाज. तो मी बाबांसाठी राखून ठेवला होता, कारण आवाजातलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस मुलुंडमध्ये तरी नव्हता. बाबा खुशीत आले. दयाळ कसा एक ओळ घेतो, मोडतो, दुसऱ्या पक्ष्याची उचलतो, पुन्हा स्वतःच्या जागेवर येतो, हे त्यांनी पेटीवर वाजवून दाखवलं. मी दीड पान लिहिलं. मग विचारलं, "आणि खार?"

"खार?" बाबा म्हणाले. "मुकी आहे ती."

"मुकी?"

"आमच्या गावाकडे खारी ओरडून ओरडून डोकं उठवायच्या. इथल्या बोलत नाहीत. मी बरेच दिवस पाहतोय. इथे कारखान्यांचा धूर, माणसांची वर्दळ, घसा बसत असेल. कोकणातली खार बोलते, मुलुंडची मुकी असते. लिही."

आता गंमत अशी की शेवग्यावरून दिवसातून दहा वेळा चिक् चिक् चिक् असा बारीक, कान टोचणारा आवाज येत असे, आणि मी तो रोज ऐकत होते. पण बाबा म्हणाले खार मुकी, म्हणजे ती मुकीच. मग तो आवाज कुणाचा? मी विचार केला, आणि उत्तर काढलं. वहीत माझ्या गोल गोल अक्षरात लिहिलं: "मुलुंडची खार मुकी असते. तिच्याजवळ एक फार लहान पक्षी राहतो. तो पानांत लपलेला असल्यामुळे दिसत नाही. मांजर आले की खारीच्या वतीने तो ओरडतो." मला हे वाक्य लिहून इतका आनंद झाला की मी ‘खारीच्या वतीने’खाली रेघ मारली. आज हसू येतं, पण त्या वयात आपल्या कानांपेक्षा बापाच्या शब्दावर भरवसा ठेवणं ही चूक आहे असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं.

वही परत आली तेव्हा त्या वाक्यावर लाल शाईची फुली होती. खाली लेलेबाईंनी लिहिलं होतं, "खार मुकी नसते. पुन्हा ऐक. आणि तो लहान पक्षी मला दाखव." वर्गात त्यांनी ते मोठ्याने वाचलं होतं. मुली पोट धरून हसल्या होत्या. मी तणतणत घरी आले, दप्तर टाकलं आणि वही बाबांच्या नाकासमोर धरली. बाईंना काही कळत नाही हे बाबांनी एकदा सांगितलं की मी निर्धास्त होणार होते. बाबांनी वाचलं, मिशीत हसले, कानस खाली ठेवली. "चल, बघूया तुझ्या बाईंची खार काय म्हणते ती."

परसात ऊन उतरणीला लागलं होतं. शेजारचा बोका कुंपणाच्या भिंतीवर अंग चोरून बसला होता, आणि शेवग्यावर तो आवाज चालू होता. चिक् चिक् चिक् चिक्. मी म्हणाले, "बघा बाबा, ओरडतोय तो. माझा पक्षी."

"कुठे?"

"आत्ता. ऐका ना."

बाबांनी मान कलती केली. थोडा वेळ गेला. "मला काही ऐकू येत नाही गं. थांबला बहुतेक."

तो थांबला नव्हता. मी पक्षी शोधायला म्हणून पानांत डोळे रुतवले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा खार नीट दिसली. ती खोडावर डोकं खाली करून चिकटली होती. तिची नजर बोक्यावर होती. प्रत्येक चिक् बरोबर तिची शेपूट एकदा उडत होती आणि तिचं तोंड एकदा उघडत होतं. बाबा म्हणतात म्हणून मी तिच्याकडे आजवर फक्त पाहिलं होतं, आणि आवाज वेगळा ऐकला होता. दोन्ही एकत्र करायचे कष्ट घेतले नव्हते.

"बाबा, खारच ओरडते आहे. शेपूट बघा तिची."

बाबांनी शेपटीकडे पाहिलं. मग अगदी कामाच्या आवाजात, एखाद्या पेटीचा भाता तपासावा तसं, म्हणाले, "शालू, तू झाडाकडे पाठ करून उभी राहा. माझ्याकडेही बघू नकोस. ती ओरडली की बोट वर करायचं. थांबली की खाली."

मी पाठ केली. आवाज झाला की बोट वर, थांबला की खाली. मध्येच ती थांबली, मी बोट खाली ठेवलं. दोनदा ओरडली, दोनदा वर केलं. माझ्यामागे बाबा शेपूट बघत होते आणि माझं बोट बघत होते. मला वाटत होतं हा खेळ आहे. किती वेळाने कुणास ठाऊक, ते म्हणाले, "पुरे." मी वळले तर ते शेवग्याच्या बुंध्याला हात लावून उभे होते आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. तेव्हा मला कळलं.

तेवढ्यात बोका उडी मारून गेला आणि शेंड्यावर दयाळ गाऊ लागला. बाबांनी झटकन वर पाहिलं. "हा येतो," ते म्हणाले. "हा मला येतो ऐकू." जीव भांड्यात पडावा तसे ते हसले. मग हसणं अर्ध्यावर राहिलं. "शालू, ओळ संपताना तो काय करतो? आत्ता बघ... हे, इथे."

"तिथे तो शीळ घालतो. एकदम बारीक. वरची."

"शीळ घालतो?"

"हो. रोज."

बाबा म्हणाले, "मला वाटायचं, तो तिथे श्वास घेतो."

या एका वाक्याने मला जेवढं रडवलं आहे तेवढं त्यांच्या जाण्यानेही रडवलं नाही. आता माझ्याही कानात यंत्र आहे. नात त्याचा आवाज कमीजास्त करून देते आणि मी उगीच तिला रागावते. पण मला निदान डॉक्टर सांगतो की वरचे आवाज आधी जातात, खालचे राहतात. बाबांना हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांना एका खारीच्या शेपटीवरून ते शोधून काढावं लागलं. दयाळ आणि खार यांच्याबद्दल मी पुढे खूप विचार केला. लोक दयाळाला डोक्यावर घेतात, मीही घेते. पण तो गातो आपली जागा राखायला, आपल्या बायकोसाठी, आणि तेही चार महिने. पावसाळा भरात आला की त्याचं तोंड बंद. खारीला गाणं येत नाही. एकच शब्द येतो तिला, तोही कर्कश, पण बारा महिने, आणि तो ऐकून चिमण्या, साळुंक्या, खुद्द दयाळसुद्धा उडून जीव वाचवतो. बाबांचं गाणं शाबूत राहिलं आणि सावध करणारा आवाज गेला. गाणं ऐकू येत होतं म्हणूनच तर दुसरं गेल्याचा त्यांना पत्ता लागला नाही.

ते तडक आत गेले. आई वाटण वाटत होती. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बांगड्या वाजव."

आईने वर पाहिलंसुद्धा नाही. "आता कशाला? वाजू देत म्हणालात ना, चारचौघांत?"

"वाजव गं एकदा."

तिला वाटलं थट्टा चालली आहे. तिने वाटणाचा हात तसाच वर करून रागाने झटकला. किणकिणाट झाला, खोबऱ्याचे शिंतोडे बाबांच्या सदऱ्यावर उडाले. बाबा तिच्या मनगटाकडे एकटक बघत होते. "नाही येत," ते म्हणाले. "त्या दिवशीही आला नव्हता. मला वाटलं बुवा काहीतरी बोलतात. कान गेलाय माझा, वरचा."

आईने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "वर्षभर मी काय समजत होते माहीत आहे? तुम्हांला मी नकोशी झाले." आणि रडायला लागली, आणि रडता रडता इतकी हलकी दिसायला लागली की मला काही कळेना, घरावर एवढं संकट आलं आहे आणि आईच्या चेहऱ्यावर हे काय. मला तिथे थांबायची लाज वाटली. मी परसात निघून गेले. आतून तिचा आवाज आला, "हाक मारीन यापुढे. गिऱ्हाईक असो नाहीतर लाटसाहेब असो." आणि खरंच, त्यानंतर आमच्या आळीत आईच्या ‘अहो’ची ख्याती झाली. संध्याकाळचा चहा आलं घातलेला होता.

पण पेट्यांचं काय? जेवताना बाबा घास हातात धरून बसायचे. गेल्या वर्षभरात किती पेट्या हाताखालून गेल्या, त्यांतल्या किती चावत असतील, हे ते मनात मोजत होते. दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं, आणि हेही आता येत नाही असं ठरलं तर आम्ही काय करणार होतो हे कुणी बोलत नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी हत्यारांची पिशवी काखेला लावली आणि मला म्हणाले, "शालू, चप्पल घाल. नाहूरला जायचंय." मला का नेताहेत हे त्यांनी सांगितलं नाही. भाताच्या कापलेल्या खाचरांतून, बांधाबांधाने आम्ही गेलो. सगळी वाट ते माझ्या पुढे होते आणि दर थोड्या वेळाने थांबून विचारत होते, "आत्ता काही वाजलं का?" मी सांगायची, टिटवी, किंवा सायकलची घंटी, किंवा काही नाही.

बुवांच्या अंगणात मंडळाची तालीम चालू होती. सातआठ माणसं, मध्ये ती पेटी. त्या दिवशी हसलेला माणूसही होता. आम्हांला पाहून टाळ थांबले. बाबा बसलेच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "बुवा, त्या दिवशी तुमच्या माणसांसमोर मी तुमचा कान गेला म्हणालो. कान माझा गेलाय. तुमचा शाबूत आहे. हे त्यांच्यासमोरच सांगायला आलोय."

मला पायाखालची जमीन फाटावी असं वाटलं. बुवा उठले, बाबांचा हात धरून त्यांना चटईवर बसवलं. "बसा आधी. पाणी घेवा. त्या दिवसापासून आमी वरची पट्टी सोडली, मास्तर. खालच्या पट्टयेत गातंव. लोकांका काय कळाक नाय. तुमच्या नावाक बट्टो नको."

बाबांनी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग त्यांनी पिशवी सोडली, पेटी उघडली, वरच्या सप्तकातले सूर एकेक करून काढले आणि चटईवर ओळीने मांडले. छोटा भाता मांडीवर घेतला. मला समोर बसवलं. "मी हा आणि पेटीतला मधला एकदम वाजवतो. जुळला की नाही ते तू सांगायचं. चढला तर वर म्हण, उतरला तर खाली म्हण."

पहिले काही सहज गेले. मी म्हणायची खाली, ते टोक घासायचे. मी म्हणायची वर, ते बूड घासायचे. हेलकावा लांबायचा, विरायचा, आणि मी मान हलवली की ते पट्टी बाजूला ठेवायचे. डोळे मिटत नव्हते, माझ्याकडे बघत होते. ऊन चढलं. बाबांचा सदरा पाठीला चिकटला. शेवटी सगळ्यांत वरचा सा राहिला. तो काही केल्या जुळेना. त्यांनी पाच वेळा घासला असेल. सगळे वाकून बघत होते, तो हसणारा माणूसही. बाबा पुन्हा पुन्हा सदऱ्याला हात पुसत होते आणि मला ते बघवेना. सहाव्या वेळी सूर वाजला, तेव्हाही तो किंचित खालीच होता. मी म्हणाले, "बरोबर."

बाबांनी पट्टी खाली ठेवली नाही. ते बुवांकडे वळले. बुवा आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"शालू," ते अगदी हळू म्हणाले, "मला सांभाळून घेणारी माणसं खूप झाली. बुवांनी घेतलं, तुझ्या आईने गप्प बसून घेतलं. माझी वाट त्यानेच लागली. तू तरी घेऊ नकोस. पुन्हा वाजवतो."

त्यांनी वाजवला. बापाला तुम्ही चुकलात असं मी जन्मात म्हटलं नव्हतं. आमच्या घरात कुणीच म्हटलं नव्हतं. एवढ्या माणसांसमोर मी रडू लागले, पण रडत रडत म्हणाले, "खाली आहे, बाबा. चुकलंय."

"किती?"

"केसभर."

"कानाशिवाय केसभर माझ्या हाताला कळायचं नाही आता," ते म्हणाले. त्यांनी पट्टी माझ्या डाव्या हातात ठेवली आणि कानस उजव्या. "तू घास."

मी कानस उलटी धरली होती. त्यांनी ती सरळ करून दिली.